काचेत कोंडलेली चांदी

चांदीचे भांडे उघड्यावर राहिले की हळूहळू काळवंडते. मग ते घासावे लागते. ही चांदी काचेच्या आतच बंद केली तर? व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधील कारागिरांनी नेमके हेच साधले. १८४९ साली लंडनच्या एडवर्ड व्हार्निश व फ्रेडरिक हेल थॉमसन यांनी या युक्तीचे पेटंट घेतले.

कारागीर तापलेली काच फुंकून दुहेरी भिंतींचे पात्र घडवीत. दोन भिंतींमध्ये पोकळी असे व तळाशी एक छिद्र राखलेले असे. त्या छिद्रातून सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण आत ओतीत. द्रावणातील चांदी सुटी होऊन काचेच्या आतील बाजूस पातळ थराने बसे. उरलेला द्रव ओतून टाकीत आणि छिद्र धातूच्या चकतीने घट्ट बंद करीत.

काही पात्रांवर बाहेरून तांबड्या, निळ्या किंवा हिरव्या काचेचा थर चढवीत आणि फिरत्या चाकावर तो जागोजाग कापून नक्षी काढीत. जेथे रंग उतरे तेथे रुपेरी आकृती झळके; जेथे रंग राही तेथे तो मागील चांदीमुळे रत्नासारखा उजळे. १८५१ च्या लंडन येथील भव्य प्रदर्शनात अशी पात्रे मांडली होती.

या पात्रांना पुष्कळ लोक ‘पाऱ्याची काच’ म्हणतात; परंतु त्यांत पारा नाही. पारा असे तो त्या काळच्या आरशांत. पारा व कथील यांचा लेप देताना त्याच्या वाफेने कामगारांचे हात कापू लागत, दात पडत. १८३५ साली जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांनी काचेवर चांदीचा आरसा बसताना पाहिला. पुढे आरशांतही चांदीने पाऱ्याची जागा घेतली आणि कामगारांची त्या विषातून सुटका झाली.

रुपेरी पात्राचे सारे तेज मात्र तळाच्या चकतीवर अवलंबून असते. ती सैल झाली की दमट हवा आत शिरते आणि चांदी डागाळते. बाहेरची चांदी घासून उजळता येते. आत कोंडलेल्या चांदीपर्यंत हात पोहोचत नाही. म्हणून असे पात्र हाती घेणारा जाणकार नक्षी पाहण्याआधी तळ पाहतो.

स्वाध्याय
१. ‘पाऱ्याची काच’ हे नाव चुकीचे का आहे?
२. जाणकार आधी पात्राचा तळ का पाहतो?
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : सैल, दमट, पातळ.