स्वस्त दिवा, महाग उजेड

घरात जळणाऱ्या दिव्याला दोन किमती असतात. एक आपण दुकानात एकदाच देतो. दुसरी महिन्यामागून महिना विजेच्या बिलात देत राहतो. पहिली डोळ्यांसमोर असते, म्हणून तिच्यासाठी आपण घासाघीस करतो. दुसरी मीटरात मुकाट्याने मोजली जाते, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील ज्या घरांस भाताच्या एका पिकावर व थोड्याशा मजुरीवर वर्ष काढावे लागते, त्या घरांनी ही दुसरी किंमत समजून घेणे अगत्याचे आहे. कारण बिल थकले म्हणजे जोडणी तुटते, आणि जोडणी तुटली म्हणजे मुलांचा अभ्यास अंधारात राहतो.

१. युनिट म्हणजे काय?

प्रत्येक दिव्यावर वॅटचा आकडा छापलेला असतो. तो दिवा किती वीज खातो, हे त्यावरून कळते. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. ६० वॅटचा जुना काचेचा दिवा रोज ५ तास जळला, तर ३० दिवसांत ९ युनिटे खातो. तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा तितकेच तास जळून १.३५ युनिट, म्हणजे दीड युनिटाहूनही कमी, खातो.

२. मग बाकीची वीज जाते कोठे?

जुन्या दिव्यात बारीक तार असते. ती तापून लाल-पांढरी झाली म्हणजे प्रकाश देते. परंतु तिला मिळालेल्या विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत जातो. उजेड होतो तो उरलेल्या थोड्या भागाचा. म्हणूनच जळत्या दिव्याला हात लावल्यास चटका बसतो. एलईडीत तार तापवावी लागत नाही. विजेपासून सरळ प्रकाश निघतो. तात्पर्य, जुना दिवा लावणारा मनुष्य उजेड म्हणून जे विकत घेतो, त्यात बहुतांशी उष्णताच असते.

ह्याचा अर्थ मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असेल, तर आपल्या भाटघरकडे पाहावे. वेळवंडी नदीवरील त्या धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे वीजगृह आहे. ते पूर्ण शक्तीने चालले आणि तारांतील गळती सोडून दिली, तर त्यावर ६० वॅटचे सुमारे २ लाख ६६ हजार दिवे एका वेळी जळतील; ९ वॅटचे सुमारे १७ लाख ७७ हजार. पाणी तेच, धरण तेच. फरक केवळ दिव्याचा.

३. घरचा हिशेब

समजा, एका घरी ६० वॅटचे तीन दिवे रोज ५ तास जळतात. महिन्यास २७ युनिटे होतात. त्यांच्या जागी ९ वॅटचे तीन एलईडी बसविल्यास चार युनिटांच्या आसपास वीज लागेल. बचत सुमारे २३ युनिटांची. हिशेबापुरता एका युनिटाचा खर्च ६ रुपये धरला, तर महिन्यास सुमारे १३८ रुपये वाचतात. तीन दिव्यांस ३०० रुपये पडले, तरी सव्वादोन महिन्यांत ते भरून निघतात. पुढची बचत घरचीच.

एके काळी हे दिवे गरिबांच्या आवाक्याबाहेर होते. केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी ते घरोघर पोहोचविण्याची योजना आरंभिली. पुढे ती 'उजाला' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. सरकारी खरेदीत २०१४ साली एका दिव्यास ३१० रुपये पडत. एकत्र मोठी खरेदी झाल्यामुळे २०१६ पर्यंत तीच किंमत ३८ रुपयांवर आली. २०२१ साली 'ग्राम उजाला' योजनेत जुना दिवा परत देणाऱ्या ग्रामस्थांस १० रुपयांत एलईडी देण्यात आला. तिच्या पहिल्या टप्प्यात आपल्या राज्यातील नागपूर होते.

४. बिल कसे वाचावे?

बिलातील 'स्थिर आकार' दिवे बदलल्याने कमी होत नाही. तो वीज वापरा अथवा न वापरा, द्यावाच लागतो. कमी होतो तो युनिटांवर बसणारा वीज आकार व वहन आकार, आणि त्यामागून वीज शुल्क. घरगुती वापरात पहिल्या १०० युनिटांस दर कमी असतो व त्यापुढील युनिटांस बराच अधिक. "१०० ओलांडले की सर्वच युनिटे महाग होतात," असे पुष्कळजण म्हणतात. ते खरे नाही. महाग होतात ती केवळ वरची. परंतु ११५ युनिटे जाळणाऱ्या घराने २३ वाचविली, तर त्यांतील १५ महाग दराचीच असतात. म्हणून अशा घराचा लाभ अधिक.

५. दिवा घेताना

नसरापूरच्या बाजारात असो वा वेल्ह्याच्या दुकानात, पुढील गोष्टी पाहाव्या.

पहिली, खोक्यावरील 'ल्युमेन'चा आकडा. वॅट म्हणजे खर्च, ल्युमेन म्हणजे उजेड. ६० वॅटच्या जुन्या दिव्याच्या जागी ८०० च्या आसपास ल्युमेन पुरेत. दुसरी, मानक चिन्ह व ताऱ्यांची पट्टी. बिननावाचा दिवा चार पैशांनी स्वस्त मिळतो, पण लवकर मंद होतो. तिसरी, हमी व पावती. पावसाळ्यात डोंगरपट्ट्यात विजेचा दाब एकाएकी चढतो व त्याने दिवा बिघडू शकतो. पावती जपून ठेवली असेल तरच तो बदलून मागता येतो. चौथी, दिवा सर्व बाजूंनी बंद काचेत बसवू नये. आतील भाग तापून त्याचे आयुष्य घटते.

घरात जुने सीएफएल दिवे असल्यास ते जपून काढावे. त्यांत अल्पसा पारा असतो. फुटल्यास खिडक्या उघडाव्या, केरसुणी न फिरविता तुकडे जाड कागदाने उचलावे व ओल्या फडक्याने जागा पुसावी.

६. भिंतींचाही विचार करावा

आपल्याकडे आषाढ-श्रावणात दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि भर दिवसा दिवा जळतो. चुलीच्या धुराने काळवंडलेली भिंत त्याचा उजेड गिळून टाकते. चुन्याने सारवलेली तोच उजेड परत फेकते. छपरात एक पारदर्शक पत्रा बसविल्यास दिवसाचा दिवा बहुधा लागतच नाही. आणि ज्या खोलीत कोणी नाही, तेथील एलईडीदेखील वायाच जळतो. दिवा स्वस्त झाला म्हणून बटण बंद करण्याची सवय सोडू नये.

७. गृहपाठ

(१) घरातील सर्व दिवे मोजा. प्रत्येकाचे वॅट व रोजचे तास वहीत लिहा. (२) महिन्याच्या पहिल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, मीटरवरील आकडा टिपून ठेवा. (३) सर्वांत अधिक तास जळणारा दिवा प्रथम बदला. एकदम सर्व बदलण्याचे बळ नसेल, तर त्याच्या बचतीतून दुसरा घ्या. (४) महिन्याने पुन्हा आकडा पाहा. (५) सर्व बटणे बंद करूनही मीटरवरील लाल ठिपका लुकलुकत राहिला, तर कोठे तरी वीज झिरपत आहे असे समजून जाणत्या वायरमनला दाखवा.

हे काम मुलांकडे सोपवावे. गुणाकार त्यांस येतोच. वहीतील गणिताने घरचे पैसे वाचतात, हे त्यांनी एकदा स्वतः पाहिले म्हणजे दिवा विझविण्यास त्यांना पुन्हा सांगावे लागणार नाही.