पुसली न जाणारी नोंद : हिशेबाच्या आज्ञावलीचा खरा कस

दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला ज्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांची पूजा होत असे, त्यांची जागा आता बहुतेक पेढ्यांवर संगणकाने घेतली आहे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद ही सारी कामे संगणकीय आज्ञावली क्षणार्धात उरकते. परंतु जुन्या चोपडीत असा एक गुण होता, जो कोणी मुद्दाम योजलेला नव्हता. शाईने लिहिलेला आकडा सहजासहजी पुसता येत नसे. चूक झालीच तर त्या आकड्यावर आडवी रेघ मारावयाची, शेजारी योग्य आकडा लिहावयाचा आणि खाली सही करावयाची, अशी रीत होती. खाडाखोड डोळ्यांना दिसे, आणि पान फाडले तर तुटलेला पृष्ठक्रमांक त्याची साक्ष देई.

संगणकाच्या पडद्यावर मात्र आकडा बदलला तरी मागे डाग राहत नाही. म्हणूनच हिशेबाची आज्ञावली निवडताना ती किती वेगवान आहे वा किती प्रकारचे अहवाल देते, एवढे पाहून भागत नाही. शाईचा तो गुण तिच्या रचनेत जपला आहे किंवा नाही, हा खरा प्रश्न आहे.

समतोल म्हणजे सत्य नव्हे

प्रत्येक व्यवहाराला नावे आणि जमा अशा दोन बाजू असतात, हे दुहेरी नोंद पद्धतीचे तत्त्व होय. १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात लुका पाचोली यांनी या पद्धतीचे सविस्तर वर्णन केले. आजची कोणतीही चांगली आज्ञावली दोन्ही बाजू समान झाल्याशिवाय नोंद स्वीकारतच नाही. त्यामुळे तेरीज जुळत नाही म्हणून रात्र रात्र जागण्याचे दिवस संपले.

येथेच एक गैरसमज रुजतो. तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असे अनेकांना वाटते. समजा, इंदूरमधील एका घाऊक दुकानात दुपारी बिल क्रमांक ११७ तयार झाले. ग्राहकाने ८,२०० रुपये रोख दिले आणि तो माल घेऊन गेला. सायंकाळी गल्ल्यावरील माणसाने ते बिल संगणकातून काढून टाकले आणि रक्कम खिशात घातली. रोख खात्याची नावे बाजू आणि विक्री खात्याची जमा बाजू, दोन्ही एकाच वेळी नाहीशा झाल्या. तेरीज तंतोतंत जुळली आणि गल्ल्यातील रोकडही वहीप्रमाणेच निघाली. मालाची प्रत्यक्ष मोजणी होईपर्यंत मालकाला कशाचाही संशय येणार नाही.

तात्पर्य असे, की अपुरी नोंद पकडण्याचे सामर्थ्य दुहेरी नोंदीत आहे, पण पूर्णपणे गायब केलेली नोंद पकडण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. ती उणीव आज्ञावलीच्या रचनेनेच भरून काढावी लागते.

दोन विचारपद्धती

आज्ञावलीच्या रचनाकारांनी या प्रश्नाकडे दोन रीतींनी पाहिले आहे. मोठ्या उद्योगांसाठी असलेल्या सॅपसारख्या प्रणालींत एकदा खतावलेले प्रमाणक पुसता येत नाही, तसेच त्यातील रक्कम वा खातेही बदलता येत नाही. चूक झाल्यास उलट नोंद करून ती रद्द करावी लागते आणि नंतर योग्य नोंद घालावी लागते. उदाहरणार्थ, पुरवठादाराला दिलेले १४,५०० रुपये चुकून १५,४०० असे नोंदले गेले, तर वहीत तीन नोंदी दिसतात : मूळची चुकीची, तिला रद्द करणारी उलटी आणि नवी बरोबर. (फरक ९०० रुपयांचा, म्हणजे ९ ने भाग जाणारा. अंकांची अदलाबदल ओळखण्याची ही खूण जुन्या हिशेबनीसांना पाठ असे.)

छोट्या व्यापाऱ्यासाठी घडलेल्या आज्ञावलींनी दुसरा मार्ग धरला. बंगळुरूमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या कंपनीची टॅली ही आज्ञावली देशभरातील लहानमोठ्या पेढ्यांवर पोहोचली, त्यामागे तिची सुलभता हे मोठे कारण होते. जुने प्रमाणक उघडावे, आकडा दुरुस्त करावा आणि पुढे जावे, इतके ते सोपे होते. लेखाशास्त्राचे शिक्षण नसलेल्या दुकानदाराला या मोकळीकीमुळेच संगणकाची भीती वाटली नाही. त्यात ‘रद्द करणे’ आणि ‘काढून टाकणे’ अशा दोन वेगळ्या सोयी आहेत. रद्द केलेल्या प्रमाणकाचा क्रमांक वहीत शिल्लक राहतो. काढून टाकलेले प्रमाणक वहीतून नाहीसे होते. हा भेद ठाऊक नसलेले व्यापारी आजही पुष्कळ आढळतात.

दुसरा मार्ग चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र दुरुस्तीची मोकळीक द्यावयाची, तर प्रत्येक दुरुस्तीची स्वतंत्र नोंद आपोआप राहिली पाहिजे. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता आकडा बदलून कोणता केला, हे सांगणाऱ्या या नोंदीला एडिट लॉग म्हणतात. व्यवहाराचा आरंभापासून शेवटपर्यंत असा माग काढता येणे, यालाच ऑडिट ट्रेल ही संज्ञा आहे.

कायद्याने घातलेली अट

पूर्वी ही सोय ऐच्छिक असे. कंपन्यांच्या बाबतीत ती आता अनिवार्य झाली आहे. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये कंपनी (लेखे) नियम, २०१४ मध्ये दुरुस्ती केली आणि दोनदा मुदत वाढवल्यानंतर ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपनीने अशीच आज्ञावली वापरावयाची आहे, जी प्रत्येक व्यवहाराचा माग नोंदवील, प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवील आणि जिच्यातील ही सोय बंद करता येणार नाही. ही सोय वर्षभर चालू होती काय, तिच्यात कोणी हस्तक्षेप केला काय, याविषयी लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात लिहावे लागते. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीने हिशेबाची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणेही कंपन्यांना बंधनकारक झाले.

एकल मालकीच्या वा भागीदारीच्या पेढीला हा नियम लागू नाही. तरीही त्यामागील विचार प्रत्येक पेढीने स्वीकारावा असाच आहे.

सर्वोच्च किल्ली कोणाकडे?

रचनेतील सर्वांत नाजूक जागा म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली. पुढील तपासात असे आढळले, की बिलांच्या संगणक प्रणालीत ‘सुपर यूजर’चे अधिकार वापरून हजारो बनावट बिले घालण्यात आली होती आणि ती नेहमीच्या विभागांच्या दृष्टीस पडू नयेत अशी व्यवस्थाही होती. प्रणाली कितीही भक्कम असली, तरी सर्वोच्च किल्ली वापरणाऱ्याचा माग राहत नसेल, तर बाकीच्या कुलपांना अर्थ उरत नाही. म्हणूनच पडद्यावरून केलेल्या बदलांबरोबर मूळ माहितीसाठ्यात परस्पर केलेल्या बदलांचीही नोंद राहावी, अशी अपेक्षा लेखापरीक्षक करतात.

बँकेचा संबंध

बँकांना हा धडा नवा नाही. एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करावी, हा शाखांमधील नित्याचा शिरस्ता आहे. २००० मध्ये बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ या कायद्यात सुधारणा झाली. संगणकावरील खातेउतारा न्यायालयात पुरावा म्हणून सादर करताना, माहितीत अनधिकृत बदल होऊ नये आणि झाल्यास तो उघड व्हावा यासाठी कोणती काळजी घेतली जाते, याचे प्रमाणपत्र त्या सुधारणेने आवश्यक केले.

कर्जदाराच्या वहीवरही बँक असाच भरवसा ठेवते. कॅश क्रेडिट खात्याचे उदाहरण घ्यावे. दुकानात ४० लाखांचा माल आहे आणि पुरवठादारांचे १० लाख देणे आहे. देणे वजा जाता ३० लाख उरतात. त्यावर २५ टक्के मार्जिन धरल्यास ग्राहकाला २२.५ लाखांपर्यंत उचल करता येते. आता महिनाअखेरीस ६ लाखांचे खरेदीचे बिल वहीतून काढून ठेवले आणि माल मात्र मोजून पूर्ण दाखवला, तर देणे ४ लाखच दिसते आणि उचल २७ लाखांवर जाते. स्टॉक स्टेटमेंट सादर झाल्यावर तेच बिल पुन्हा वहीत येते. वर्षअखेरीस सारे काही जुळते, बँकेचे ४.५ लाख मात्र पुरेशा तारणाविना बाहेर गेलेले असतात.

यात ध्यानात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. पुरवठादाराचे बिल खरोखरच उशिरा आले आणि म्हणून उशिरा नोंदले गेले, तरी वही वरून अशीच दिसते. प्रामाणिक विलंब आणि हेतुपूर्वक केलेली लपवाछपवी यांतील भेद केवळ बदलांची नोंदच दाखवू शकते. ती नोंद नसेल, तर प्रामाणिक ग्राहकापाशीही आपली बाजू सिद्ध करण्याचे साधन उरत नाही.

निवड करताना

आज्ञावली घेताना किंवा वापरात असलेली तपासताना पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात.

१. प्रमाणकांचे क्रमांक आपोआप व सलग पडतात काय, आणि काढून टाकलेल्या प्रमाणकाची खूण मागे राहते काय?

२. बदलांची नोंद कायम चालू असते, की ती मालकाच्या इच्छेनुसार बंद करता येते?

३. महिना वा वर्ष संपल्यावर तो काळ कुलूपबंद करता येतो काय, म्हणजे मागील तारखेने नवी नोंद घुसवता येणार नाही?

४. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र नाव, स्वतंत्र संकेतशब्द आणि त्याच्या कामापुरतेच अधिकार आहेत काय?

५. राखीव प्रत नियमित निघते काय, आणि तिच्यावरून हिशेब पुन्हा उभा करून कधी पाहिला आहे काय?

यांपैकी चौथ्या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. चौघे जण एकच संकेतशब्द वापरत असतील, तर बदल कोणी केला या प्रश्नाला प्रणाली एकच नाव सांगते आणि ते बहुधा मालकाचे असते. तसेच, बदलांची नोंद ठेवली पण ती महिन्यातून एकदाही कोणी वाचली नाही, तर तिचा उपयोग चोरी झाल्यानंतरच्या पंचनाम्यापुरता राहतो.

अशा व्यवस्थेने नोकरावर अविश्वास दाखवल्यासारखे होते, अशी शंका काही पेढ्यांवर घेतली जाते. वस्तुस्थिती उलट आहे. गल्ल्यात रक्कम कमी पडली की संशय सर्वांवर येतो. आणि ज्याने काही केलेले नाही, त्यालाच तो अधिक बोचतो. पुसली न जाणारी नोंद त्या माणसाला निर्दोष ठरवते. जुन्या चोपडीतील रेघ मारलेला आकडा आणि त्याखालची सही हेच काम करीत असे : चूक लपवली गेली नाही आणि ती कोणी सुधारली हे सर्वांना दिसले. तेवढी सोय नव्या वहीत आहे ना, याची खात्री करूनच यंदाच्या लक्ष्मीपूजनाला तिच्यासमोर हळदकुंकू वाहावे.