होडीचा पट्टा

मुंबईच्या अंधेरी उपनगरात, समुद्रकाठी वर्सोवा हा जुना कोळीवाडा आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा येथील होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. श्रावणात पावसाने उघडीप दिली की आच्छादने निघतात आणि डागडुजीची लगबग सुरू होते. नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण करावयाचा आणि नव्या हंगामास आरंभ करावयाचा, ही कोळी बांधवांची परंपरा आहे. त्या दिवशी प्रत्येकाची होडी नव्या नवरीसारखी सजलेली असते.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी अंधेरीच्या एका शाळेत नुकताच शिक्षक झालो होतो. सहावीतील एक मुलगा चार दिवस शाळेत आला नाही, म्हणून चौकशीसाठी मी वर्सोव्यास गेलो. तो आपल्या आजोबांसह वाळूवर एका जुन्या शिडाच्या होडीपाशी बसला होता. होडीच्या काठाखालून, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक पिवळा पट्टा गेलेला होता; पण त्याचा रंग विटला होता आणि जागोजागी पोपडे धरले होते. आजोबा लोखंडी पात्याने तो पट्टा तसूतसूने खरवडत होते.

पौर्णिमेस पाचच दिवस उरले होते. शेजारच्या होड्या रंगून तयार झाल्या होत्या. मुलगा रडवेला होऊन मला म्हणाला, “गुरुजी, तुम्हीच आजोबांना सांगा ना! वरून एक हात मारला तर पट्टा आजच नवा दिसेल.”

मलाही ते पटले. मी म्हणालो, “नाखवा, यंदा वरून रंग द्या, पोराचा अभ्यास बुडतो आहे. खरवडणे पुढच्या वर्षी करता येईल.”

नाखवा हसले. त्यांनी हातातील लाकडी मोगरी मला दिली आणि म्हणाले, “मास्तर, जरा ठोकून बघा.”

मी ठोकू लागलो. फळीतून टणटण असा खणखणीत आवाज येत होता. परंतु नाळेपासून चार हातांवर तो एकाएकी ‘बद्द’ असा आला. नाखवांनी तेथे टोच्या टेकविला मात्र, तो लोण्यात सुरी जावी तसा आत शिरला. पट्ट्याखालची फळी कुजली होती!

मी चकित झालो. समुद्राचे खारे पाणी सोसणारे सागवान येथे, पाण्याच्या वर, कसे कुजले? नाखवांनी सांगितले, “समुद्राचं पाणी परवडलं, मास्तर, पावसाचं वाईट. रंगाला चीर पडली की तिथून ते आत झिरपतं आणि रंगाच्या आड कोंडून राहतं.” त्यांचे म्हणणे शास्त्रास धरून होते. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस गोडे पाणी मानवते. खाऱ्या पाण्यात तिची वाढ नीट होत नाही. समुद्रात बुडालेल्या भागाला मात्र दुसराच शत्रू असतो. तो म्हणजे लाकूड पोखरणारे सागरी किडे.

“म्हणजे पौर्णिमेला आपली होडी जाणार नाही?” मुलाने विचारले. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळले.

आजोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “नारळ आपण काठावरूनच वाहू, पोरा. होडी जाईल ती तुझ्या बापाला परत आणण्यासाठी.”

यानंतर कोणी काही बोलले नाही. सुतार आला. कुजका भाग कापून त्याच्या जागी सागाची नवी फळी बसविली. सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठासून भरला. खिळ्यांच्या खाचांत लांबी भरून ती वाळल्यावर काचकागदाने घासली. गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढले. कारण मीठ ओल धरून ठेवते आणि ओल्या लाकडावर रंग ठरत नाही. मग अस्तराचा एक हात दिला.

आता पट्ट्याची आखणी! दोन टोकांस दोरी ताणली की झाले, अशी माझी समजूत. पण होडीची कूस फुगीर आणि काठ दोन्ही टोकांस वर उचललेला. ताणलेली दोरी जवळची वाट धरते, काठाचा बाक पाळत नाही. म्हणून नाखवांनी एका काडीने काठापासून सारखे अंतर मोजून हात-हात अंतरावर खुणा केल्या. त्या खुणांवर बांबूची लवचीक कांब टेकविली आणि तिच्या कडेने नातवाकडून रेघ ओढवून घेतली. रेघ काठाबरोबर डौलाने वळली. पिवळ्या रंगाचे दोन हात त्या मुलानेच दिले.

पौर्णिमेनंतर आठव्या दिवशी ती होडी पाण्यात उतरली. उशीर झाला होता. त्या दिवसांची मासळीही बुडाली होती. तरी मुलाचे वडील निर्धास्तपणे शीड उभारून निघाले. मुलगा दिसेनाशी होईपर्यंत त्या पिवळ्या रेघेकडे पाहत उभा होता.

आज वर्सोव्यास यंत्रावर चालणाऱ्या होड्या दिसतात. फायबरच्या होड्यांना लाकडासारखी कीड लागत नाही. तरीही जुन्या लाकडी नौकांची निगा राखण्याची रीत जगभर तीच आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. तिच्या काळ्या कुशीवर पांढरा पट्टा शोभतो. तिची दुरुस्ती १९९० साली सुरू होऊन २००१ पर्यंत चालली होती.

त्या वर्षानंतर वह्या तपासताना मी सुबक वेष्टनावर भुलेनासा झालो. आधी आतले पान पाही. नाखवांची ती मोगरी मला अजून आठवते.

शब्दार्थ

नाखवा – होडीचा मालक; नाळ – होडीचे पुढचे निमुळते टोक; कूस – होडीची बाजू; तसू – सुमारे एक इंच; टोच्या – भोक पाडण्याचे अणकुचीदार हत्यार; लांबी – खाचा बुजविण्याचा लगदा; अस्तर – रंगापूर्वी दिलेला पहिला थर.

स्वाध्याय

१. शिक्षकांनी नाखवांना कोणता सल्ला दिला? तो चुकीचा का ठरला?
२. पाण्याच्या वरची फळी कुजण्याचे कारण सांगा.
३. पट्टा आखण्यास ताणलेली दोरी का चालली नाही?
४. “होडी जाईल ती तुझ्या बापाला परत आणण्यासाठी.” या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : उघडीप देणे, पोपडे धरणे, वेष्टनावर भुलणे.
६. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिरास भेटा. तो आपले काम कोणत्या क्रमाने करतो, ते दहा ओळींत लिहा.