उत्तन : गांवाचें स्थान व त्याची गणना

एखाद्या गांवाची ओळख करून घ्यावयाची असतां दोन प्रश्न प्रथम विचारावे : तें कोठें वसलें आहे, आणि तेथें माणसें किती? या पाठासाठीं आम्ही ठाणें जिल्ह्यांतील उत्तन हें गांव निवडलें आहे. पहिल्या प्रश्नाचें उत्तर तेथें सहज मिळतें. दुसऱ्याचें मिळत नाहीं. असें कां, हेंच आज शिकावयाचें आहे.

१. स्थान. साष्टी बेटाच्या वायव्य टोंकास उत्तन आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी. भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून निघालेली वाट मुर्धें, राई, मोर्वें व डोंगरी या गांवांवरून येथें येते. दक्षिणेकडील गोराई शेजारीच असली, तरी ती मुंबई उपनगर जिल्ह्यांत मोडते. खाडीच्या मुखावर नजर ठेवणारा येथील धारावी किल्ला (मुंबईंतील धारावीशीं याचा संबंध नाहीं) मराठ्यांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांपासून घेतला. त्याच वर्षीं पलीकडील वसईही पडली.

२. वस्ती. समुद्रानेंच येथील लोकांस धंदा दिला. येथील कोळी बहुतेक रोमन कॅथॉलिक ख्रिस्ती आहेत. भरती-ओहोटीच्या प्रवाहांत डोल जाळीं लावून ते बोंबील धरतात, व बांबूंवर दोर ताणून ते उन्हांत सुकवितात.

३. गणना. भाईंदर, मिरें, काशी, नवघर व घोडबंदर या ग्रामपंचायती मिळून १२ जून १९८५ रोजीं नगरपालिका झाली. १९९० सालीं उत्तन तींत सामील झालें. २८ फेब्रुवारी २००२ रोजीं महानगरपालिका आली. या शहराची लोकसंख्या १९९१ सालीं १,७५,६०५, २००१ सालीं ५,२०,३८८ व २०११ सालीं ८,०९,३७८ भरली. म्हणजे वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक. परंतु खेड्यांच्या यादींत जशी प्रत्येक गांवाची एक ओळ असते, तशी उत्तनची ओळ आतां नाहीं. शहराची मोजणी प्रभागांप्रमाणें होते, आणि प्रभागाची हद्द गांवाच्या शिवेस विचारून आंखलेली नसते.

यांत बिघडलें काय, असें कोणी म्हणेल. शाळा, पाणी, दवाखाना यांची वांटणी आंकड्यांवरून होते. शहर वाढलें, तसा त्याचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगराकडे जाऊं लागला, व ग्रामस्थांनीं हरकत घेतली. अशा वेळीं "आम्ही इतके आहों" असें सांगण्यास स्वतःचा आंकडा हाताशीं असावा लागतो.

४. बोध. पुढील खानेसुमारीसाठीं १ मार्च २०२७ ही तिथि ठरविण्यांत आली आहे. २०११ सालीं असा नियम होता कीं, नेहमीं घरीं राहणारा मनुष्य मोजणीच्या दिवसांत कांहीं काळ बाहेर असला, तरी तो घरींच मोजावा. म्हणून होडीवर गेलेल्या मुलाचें नांव सांगण्यास घरच्यांनीं चुकूं नये. तसेंच प्रत्येक पाड्यानें आपलीं घरें व माणसें एका वहींत लिहून ठेवावीं. ही वही सरकारी गणनेच्या जागीं चालणार नाहीं. परंतु गांवाचें नांव व संख्या तींत एकत्र राहतील.

अभ्यासाचे प्रश्न. (१) तुमच्या गांवाच्या चारी दिशांस काय आहे? (२) तेथें घरें किती व माणसें किती? (३) हे आंकडे तुम्हांस कोठें सांपडले?