पडद्यावरील मारामारी आणि मुलांचे अनुकरण

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा कार्टूनमधील मारामारी पाहून धाकट्या बहिणीला तशाच लाथा मारतो. खलनायकाला शेवटी शिक्षा होते, हे दाखवणे पुरेसे नाही का?

उत्तर : पुरेसे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 पासून केलेल्या प्रयोगांत, पाडली तरी पुन्हा उभी राहणाऱ्या ‘बोबो’ या फुगीर बाहुलीला मोठी माणसे मारताना पाहिलेल्या बालकांनी तेच प्रहार आणि तेच शब्द जसेच्या तसे उचलले, आणि 1963 च्या प्रयोगात हाच परिणाम चित्रफितीनेही घडला. 1965 च्या प्रयोगात मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी अनुकरण कमी केले. परंतु बक्षीस देऊ केल्यावर त्यांनीही पाहिलेल्या कृती इतरांइतक्याच करून दाखवल्या. म्हणजेच निरीक्षणातून शिकणे आणि शिकलेले आचरणात आणणे या दोन वेगळ्या प्रक्रिया असून, शिक्षेचे दृश्य फक्त दुसरीला आवर घालते.

अर्थात, बाहुलीला मारणे म्हणजे माणसाला इजा करणे नव्हे, हा या प्रयोगांवरील आक्षेप रास्त आहे. शिवाय घरातील मारहाण, शेजार आणि मुलाचा स्वभाव यांचाही वाटा असतो, त्यामुळे सारा दोष पडद्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. तरीही या वयात कल्पित आणि वास्तव यांतील सीमारेषा धूसर असते, म्हणून पालकांनी शेजारी बसून पाहावे, मार बसलेल्या पात्राला काय वाटले असेल हे विचारावे, आणि लाथेबद्दल मुलाला चापट मारणे कटाक्षाने टाळावे.