अश्वारोहण-उपचार : विशेष बालकांच्या पुनर्वसनातील एक पूरक साधन

विशेष गरजा असलेल्या बालकांच्या पालकांच्या कानावर आता ‘हॉर्स थेरपी’ हा शब्द वरचेवर पडतो. वर्तमानपत्रात घोड्यावर बसलेल्या हसऱ्या मुलाचे छायाचित्र दिसते आणि मनात आशा पालवते. ही आशा कितपत सार्थ आहे आणि निर्णय घेण्यापूर्वी कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात झालेल्या बालकांच्या संदर्भात केला आहे.

पूर्वपीठिका

डेन्मार्कच्या अश्वारोहक लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्यांखाली पायांत बळ उरले नाही. घोड्यावर चढण्या-उतरण्यास त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत रौप्यपदक पटकाविले. या यशामुळे अश्वारोहणाच्या उपचारमूल्याकडे लक्ष वेधले गेले. ब्रिटनमध्ये १९६९ साली ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली.

हार्टेल यांचे उदाहरण प्रेरक आहे, परंतु ते जसेच्या तसे बालकांना लागू पडत नाही. आजारापूर्वीच त्या निष्णात अश्वारोहक होत्या. सेरेब्रल पाल्सीमध्ये वाढत्या मेंदूलाच इजा झालेली असते. अनेक मुलांच्या शरीराला सहज चालण्याचा अनुभव कधीच मिळालेला नसतो. तोलाचा आणि लयीचा हाच अनुभव घोड्याची चाल काही अंशी देऊ शकते.

उपचाराचे तत्त्व

घोडा संथ चालीने मिनिटाला सुमारे शंभर पावले टाकतो. प्रत्येक पावलागणिक स्वाराची कंबर पुढे-मागे व डावी-उजवीकडे हलते आणि किंचित वळते. मनुष्य चालताना कंबरेची हालचाल पुष्कळशी अशीच होते. तोल राखण्यासाठी मुलाच्या पाठीच्या व पोटाच्या स्नायूंना दर पावलाला स्वतःला सावरावे लागते. मांड्या फाकवून बसल्याने मांड्यांच्या आतील ताठर स्नायूंना ताण मिळतो. घोड्याच्या अंगाचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने त्याची ऊबही मिळते.

येथे दोन प्रकारांतील भेद ध्यानात घ्यावा. ‘हिप्पोथेरपी’मध्ये फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट घोड्याच्या चालीचा उपचारासाठी वापर करतात, मुलाने घोडा हाकणे अपेक्षित नसते. ‘उपचारात्मक अश्वारोहणा’त मात्र लगाम धरणे, सूचना पाळणे, घोड्याची निगा राखणे हेही शिकवितात. त्याचा भर कौशल्य, आत्मविश्वास व सहवास यांवर असतो.

संशोधनाचे निष्कर्ष

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेल्या १५ मुलांची दोन गटांत विभागणी केली होती. एक गट ८ मिनिटे चालत्या घोड्यावर बसला, दुसरा तितकाच वेळ स्थिर पिंपावर. घोड्यावर बसलेल्यांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कार्यात अधिक समतोल आढळला. हा परिणाम मात्र तात्कालिक स्वरूपाचा होता. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ९९ मुलांच्या दहा आठवड्यांच्या चाचणीत बसणे, उभे राहणे, चालणे अशा मोठ्या हालचालींत लक्षणीय फरक दिसला नाही.

स्वमग्न मुलांविषयी २०१५ मध्ये अमेरिकेतील १२७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने दहा आठवडे अश्वारोहण केले. दुसरा गट पागेत जाऊन घोड्यांविषयी शिकला, पण जिवंत घोड्याशी त्याचा संबंध आला नाही. पहिल्या गटात चिडचिड व अतिचंचलता अधिक घटली आणि संवादात सुधारणा आढळली.

तात्पर्य, या उपचाराने मेंदूची इजा भरून येत नाही. काही मुलांना त्याचा लाभ होतो. तो किती होईल, याची हमी कोणी देऊ नये.

कोणती दक्षता घ्यावी?

घोड्यावर बसविण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञ व अस्थिरोगतज्ज्ञ यांची लेखी संमती घ्यावी. आटोक्यात नसलेल्या फिट्स, निखळलेला खुब्याचा सांधा, पाठीच्या कण्याचा तीव्र बाक, ठिसूळ हाडे अथवा घोड्याच्या केसांची तीव्र ॲलर्जी असल्यास हा उपचार धोक्याचा ठरू शकतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही बालकांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील सांधा सैल असतो. त्यासाठी आधी मानेची तपासणी आवश्यक आहे. धनुर्वाताची लस वेळेवर दिलेली असावी. घोड्याचीही पशुवैद्यकाकडून नियमित तपासणी होते का, हे विचारावे. ग्लँडर्ससारखा घोड्यांचा रोग माणसालाही होऊ शकतो.

माथेरानची किंवा समुद्रकिनाऱ्यावरची घोड्यावरची फेरी मुलाला आनंद देईल, पण तो उपचार नव्हे. उपचारासाठी शांत स्वभावाचा, प्रशिक्षित घोडा लागतो. त्याला धरणारा अनुभवी मोतद्दार, गरजेनुसार मुलाच्या दोन्ही बाजूंनी चालणारे दोन मदतनीस आणि देखरेखीला थेरपिस्ट हवेत. डोक्यावर योग्य मापाचे हेल्मेट आणि चढण्यासाठी उतरंडीचा ओटा असावा.

पालकांना विनंती

आरंभीच थेरपिस्टशी बोलून एक मोजता येण्याजोगे उद्दिष्ट ठरवावे. उदाहरणार्थ, मूल आधाराविना किती वेळ बसते. दहा-बारा आठवड्यांनी त्याची पुन्हा नोंद घ्यावी. प्रगती दिसल्यास उपचार चालू ठेवावा; न दिसल्यास तो थांबविण्यात कमीपणा नाही. घोड्यावरचा अर्धा तास आठवड्यातून एकदा मिळतो, घरच्या व्यायामाची संधी रोज असते. म्हणून नित्याची फिजिओथेरपी, स्प्लिंट्स आणि शाळा यांत खंड पडू देऊ नये. सोय जवळपास नसेल अथवा खर्च झेपत नसेल, तर आपण मुलाच्या हिताला मुकलो असे पालकांनी मुळीच समजू नये. मुलाच्या पुनर्वसनाचा पाया घरातील त्यांच्या रोजच्या कष्टांनीच घातला जातो.