पोरं भाषा मिसळतात, म्हणून रागावू नका



लागणीच्या नोंदीसाठी आखाडा बाळापूरच्या शिवारात फिरताना उसाबरोबर पोरांच्या शाळेच्या गोष्टीही आमच्या कानावर येतात. परवा एका सभासदांनी तक्रार सांगितली. त्यांची चौथीतली मुलगी वर्गात म्हणाली, "मॅडम, मी वॉटर ड्रिंक करायला जाऊ का?" सगळा वर्ग हसला. घरी वडील रागावले. तेव्हापासून पोरगी इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नाही. "धड मराठी नाही, धड इंग्रजी नाही," असं त्यांचं म्हणणं.

आम्ही म्हणालो, "दादा, मघाशी तुम्हीच बोललात, मोटार स्टार्ट केली पण व्हॉल्व्ह लीक होतोय. ही कोणती भाषा?"

मुलीचं वाक्य नीट पाहा. शब्द दोन इंग्रजी, पण 'करायला', 'जाऊ का' ही मांडणी बिनचूक मराठी. याला गोंधळ म्हणता येत नाही. 'आय मँगो ईट' म्हणणाऱ्या पोराचंही तेच. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्यानंतर लगेच. आपण 'टेबलावर' म्हणतो. इंग्रजीत 'वर' आधी आणि टेबल मागून. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दाखवली तर फरक पोरांच्या ध्यानात येतो. एकच गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळतात तिथंही हे जमतं. खर्च फक्त खडूचा.

आम्ही स्वतः ए बी सी डी पाचवीत गिरवली. सन 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. आपल्या भागात कुणाच्या घरी गोरमाटी, कुणाच्या घरी दखनी. त्या लेकराला शाळेची मराठीही नवीच, वर इंग्रजी. त्याला आधी विचारावं, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" ट्रेमधलं रोप काढताना मुळाभोवतीचं कोकोपीट आपण झटकून टाकतो का?

आणि भाषा काय, पहिल्यापासून मिसळतच आल्या. संस्कृतातली 'शर्करा' फारसी, अरबीतून फिरत युरोपात गेली आणि 'शुगर' झाली. इंग्रजीतली 'कँडी' मुळात आपली 'खंड', म्हणजे खडीसाखर. दखनीतलं 'नक्को' हे आपलंच 'नको'. उलट आपले 'कागद', 'जमीन', 'तारीख' हे शब्द बाहेरून आले. या शब्दांना कुणी हसत नाही. हसू येतं ते लेकराच्या बोलण्याला.

त्या सभासदांच्या ओसरीवर गेल्या हंगामातली काट्याची पावती खिळ्याला टोचलेली होती. आम्ही ती पोरीच्या हातात दिली. बोट ठेवत तिनं अक्षरं जुळवली: ग्रॉस, टेअर, नेट. अर्थ आम्ही एकदाच सांगितला, मग आजोबांना समजावायचं काम तिच्यावर टाकलं.

"ग्रॉस म्हणजे ऊस आन् गाडी मिळून. टेअर म्हणजे खाली गाडी."

"आन् नेट?" आजोबांनी विचारलं.

"नेट म्हंजे आपला ऊस. त्याचंच पेमेंट येतं."

वडील या वेळी काही बोलले नाहीत.